माळवदाच्या जुन्या घराचा विमा उतरवता येतो का? आणि उतरवला तर तो पुरतो का?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा आणि आसपासच्या गावांत जुन्या गल्ल्यांमधून फिरलं की अजूनही काही माळवदाची घरं दिसतात. अडीच-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, आत सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यावर तुळया आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ही घरं थंड राहतात. पण पावसाळा आला की घरातल्या माणसांचं लक्ष भिंतीच्या फुगवट्याकडे आणि छताच्या ओलीकडे लागलेलं असतं.

अशा घराचं काही बरंवाईट झालं, तर ते पुन्हा उभं करायला पैसा कुठून येणार? पीक विमा या भागात सगळ्यांना माहीत आहे. घराचा विमा मात्र बहुतेकांनी काढलेलाच नसतो. काढला असेल, तर तो बँकेने गृहकर्जासोबत जोडून दिलेला असतो. जुन्या घराला असा विमा मिळतो का, मिळाला तर किती रकमेचा मिळतो आणि ती रक्कम घर परत बांधायला पुरते का, हे समजून घेऊया.

आधी हे घर कसं आहे ते पाहू

माळवदाची भिंत बाहेरून एकसंध दिसते. प्रत्यक्षात ती अनेकदा दोन पदरांची असते. बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये माती-मुरूम. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादरा बसल्यावर किंवा पाणी मुरल्यावर बाहेरचा पदर सुटतो.

छताचं वजनही मोठं असतं. एक फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला साधारण अर्धा टन वजन. ८० चौरस मीटरच्या घरावर ४० टन माती असते. दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत गेल्यामुळे हा थर पिढ्यानपिढ्या वाढत जातो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात याच बांधणीने माणसं मारली. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक लोक गेले. किल्लारीचं नाव जगभर पोहोचलं, पण आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरसारख्या गावांनीही मोठी हानी सोसली. दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यासोबत मातीची छतं खाली आली. त्याच वेळी अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. जिथे आतला लाकडी सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडूनही खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि खालची काही माणसं वाचली.

त्याआधी हा भाग देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. विम्याच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे, कारण भूकंपाच्या जोखमीसाठी कंपनी घर कोणत्या क्षेत्रात आहे ते पाहते.

घरासाठी कोणता विमा असतो?

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक आहे. विमा नियामक संस्था आयआरडीएआयने ती ठरवून दिली आहे. कंपनी कोणतीही असली तरी मूळ अटी त्याच राहतात.

या पॉलिसीत आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, जमीन खचणं, दरड कोसळणं, बाहेरून एखादं वाहन येऊन आदळणं, दंगल आणि पाण्याची टाकी फुटणं अशा घटनांमुळे झालेलं नुकसान येतं. भूकंपासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागत नाही, तो मूळ पॉलिसीतच असतो. ज्या भागाने १९९३ पाहिलं, तिथे ही गोष्ट मोठी आहे.

घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये. जास्त हवं असेल तर सामानाची यादी देऊन वाढवता येतं.

माळवद 'कच्चं' की 'पक्कं'?

पहिली अडचण इथेच येते. भारतातल्या अग्नी विम्यात 'कच्चं बांधकाम' ही संज्ञा फार जुनी आहे. भिंती किंवा छत लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, ताडपत्री, कापड अशा वस्तूंचं असेल, तर ते बांधकाम कच्चं धरलं जातं. उसाच्या पाचटाचं छप्पर या व्याख्येत सरळ बसतं. अशा घरांना विमा देताना कंपन्या हात आखडता घेतात.

माळवद मध्येच अडकतं. भिंती दगडाच्या आहेत, त्या कच्च्या नाहीत. छत मात्र लाकूड आणि मातीचं आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'माळवद' असा पर्याय नसतो. तिथे बहुतेकदा 'पक्कं' आणि 'कच्चं' एवढंच असतं. घाईत 'पक्कं' वर टिचकी मारली, की सर्वेक्षक आल्यावर प्रश्न उभा राहतो: छत लाकूड-मातीचं आहे हे आधी का सांगितलं नाही?

उपाय साधा आहे. प्रस्तावासोबत एक पानाचं पत्र द्यायचं. त्यात भिंत कशाची, किती जाड, छत कशाचं, घर अंदाजे किती वर्षांचं आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली ते लिहायचं. चार बाजूंचे आणि छताचे फोटो जोडायचे. पत्राची पोच घ्यायची. ईमेल केला असेल तर उत्तर जपून ठेवायचं. हे सगळं पाहून कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर 'लपवलं' असं म्हणायला जागा उरत नाही.

इंग्लंडमध्ये गवताने शाकारलेल्या जुन्या घरांसाठी खास विमा विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्या धुराडं साफ केल्याचा आणि वायरिंग तपासल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे माळवदासाठी अशी वेगळी बाजारपेठ नाही. म्हणून घराची खरी माहिती कंपनीपर्यंत पोहोचवायचं काम घरमालकालाच करावं लागतं.

विम्याची रक्कम ठरते कशी?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जुन्या घराचा विमा कमी पडण्याचं मुख्य कारण याच हिशोबात आहे.

घराचा बाजारभाव किंवा जागेची किंमत इथे धरली जात नाही. सूत्र असं आहे: चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. चटई क्षेत्र म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडी, व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत.

आता एक हिशोब करून पाहू. बाहेरून ४० फूट बाय ३० फूट मापाचं घर घेऊ. बाहेरचं क्षेत्र १,२०० चौरस फूट. आजच्या नऊ इंची विटांच्या भिंती असतील, तर आतलं क्षेत्र साधारण १,०९७ चौरस फूट भरतं. पण भिंती अडीच फुटांच्या असतील, तर आत ३५ बाय २५, म्हणजे फक्त ८७५ चौरस फूट उरतात. तब्बल ३२५ चौरस फूट जागा भिंतींनी खाल्ली. पुढची ओसरीही हिशोबातून गेली.

म्हणजे ज्या भिंती परत उभ्या करायला सगळ्यात जास्त दगड आणि मजुरी लागणार, त्यांचंच क्षेत्रफळ सूत्रात धरलेलं नाही.

आता दर पाहू. समजा कंपनीने साध्या स्लॅबच्या घराचा दर लावला आणि तो २,००० रुपये चौरस फूट धरला. ८७५ गुणिले २,००० म्हणजे साडेसतरा लाख. पण घडीव दगड, सागवानी खांब, कोरीव चौकट आणि ते काम जाणणारा सुतार व गवंडी, या सगळ्याचा अभियंत्याने काढलेला अंदाज ३० लाख आला, तर साडेबारा लाखांची तफावत पडते. घर पूर्ण पडलं तर विमा साडेसतरा लाखच देईल.

ही तफावत भरून काढायची वाट त्याच सूत्रात आहे. बांधकामाचा दर विमा घेणारा सांगतो आणि कंपनी तो मान्य करते. ३० लाखांची रक्कम हवी असेल, तर ८७५ चौरस फुटांना सुमारे ३,४३० रुपये दर सांगावा लागेल. तो दर का, हे दाखवणारं स्थापत्य अभियंत्याचं किंवा नोंदणीकृत मूल्यांककाचं अंदाजपत्रक सोबत हवं. आवाराची भिंत आणि पाण्याची टाकी यांची नोंद वेगळी करायची. या 'अतिरिक्त बांधकामां'ची रक्कम स्वतंत्र सांगता येते.

आधी एक निर्णय घरात घ्यायला हवा

अंदाजपत्रक काढण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवणं गरजेचं आहे. घर पडलं, तर ते पुन्हा तसंच बांधायचं की त्या जागी साधं स्लॅबचं घर बांधायचं?

स्लॅबचं घर बांधायचं असेल, तर साध्या दराचा विमा पुरेल आणि हप्ताही कमी बसेल. वाडा तसाच हवा असेल, तर जास्त दर मान्य करून घ्यावा लागेल आणि हप्ताही जास्त भरावा लागेल. अभियंत्याकडून दोन्ही अंदाज मागवले, की फरक आकड्यांत समोर येतो. घराशी जोडलेल्या आठवणींची किंवा घर शंभर वर्षांचं असल्याची किंमत मात्र कोणतीही पॉलिसी देत नाही. विमा फक्त बांधकामाचा खर्च देतो.

जुन्या घराला उपयोगी पडणाऱ्या चार तरतुदी

पहिली, विमा रक्कम कमी धरली गेली असली तरी या पॉलिसीत भरपाईला त्या प्रमाणात कात्री लागत नाही. समजा विमा साडेसतरा लाखांचा आहे आणि एक भिंत पडून चार लाखांचं नुकसान झालं. 'घराची किंमत तर ३० लाख आहे' असं म्हणून चार लाखांचे सुमारे २ लाख ३३ हजार केले जात नाहीत. अर्थात, दिलेली माहिती खरी हवी. घर पूर्ण गेलं तर मात्र विमा रकमेच्या वर काही मिळत नाही.

दुसरी, पॉलिसी दहा वर्षांपर्यंत घेता येते. अशा दीर्घ पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. लाकूड आणि मजुरीचे दर ज्या वेगाने चढतात, ते पाहता ही सोय कामाची आहे.

तिसरी, वास्तुविशारद किंवा अभियंत्याची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. १० लाखांच्या दाव्यावर मलब्यासाठी २० हजार रुपये होतात. माळवदाच्या दगड-मातीच्या ढिगाला ही रक्कम अपुरी पडू शकते. अंदाजपत्रक करताना हा खर्च लक्षात ठेवावा.

चौथी, घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडं ठरावीक मर्यादेत मिळतं.

पावसाने भिंत पडली तर?

या भागात भूकंप रोज होत नाही. पावसाने भिंत खचणं मात्र जवळपास दर वर्षी होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्याने अतिवृष्टी आणि पूर पाहिला. भूम आणि परंडा तालुक्यांत पुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं.

पुराचं पाणी घरात शिरून भिंत पडली, तर तो पॉलिसीतला धोका आहे. वादळात छत उडालं, तर तेही पॉलिसीत येतं. पण पाच वर्षं छत गळतंय, भिंतीत पाणी मुरतंय, तुळयांना वाळवी लागली आहे आणि एका सकाळी भिंत बसली, तर कंपनी त्याला झीज आणि देखभालीचा अभाव म्हणेल. झीज, वाळवी आणि हळूहळू होणारी खराबी विम्यात येत नाही.

खऱ्या आयुष्यात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. जुनी भिंत अतिवृष्टीत पडते, तेव्हा कारण पाऊस की म्हातारपण? सर्वेक्षक हाच प्रश्न विचारतो. उत्तर घरमालकाच्या मोबाइलमध्ये असायला हवं. दर वर्षी मे महिन्यात छताची माती दुरुस्त करताना, भिंतीच्या दर्जा भरताना, पन्हळी साफ करताना तारखेसह फोटो काढून ठेवावेत. गवंड्याला दिलेल्या पैशांची साधी पावती घ्यावी. घर पावसाआधी चांगल्या स्थितीत होतं, हे त्यातून दाखवता येतं.

कागद कोणाच्या नावावर आहेत?

जुन्या घरांचा हा नेहमीचा घोळ आहे. घर आजोबांच्या नावावर, राहतो एक नातू, हिस्सा चार जणांचा. विमा काढणाऱ्याचा त्या घरात कायदेशीर हितसंबंध असावा लागतो. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरी भागात नगरपंचायतीची मालमत्ता कर नोंद आणि जिथे मोजणी झाली आहे तिथे मालमत्ता पत्रक, हे कागद आधी नीट करून घ्यावेत. केंद्राच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रकं दिली जातात. वारस नोंद राहिली असेल तर ती करून घ्यावी. भाऊ-बहीण हिस्सेदार असतील, तर सगळ्यांची नावं पॉलिसीत असलेली बरी. नाहीतर दाव्याच्या वेळी पैसे कोणाला, यावरून काम अडतं.

पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल, घर भाड्याने दिलं असेल किंवा सगळे पुण्या-मुंबईला राहत असल्याने घर महिनोन्‌महिने बंद असेल, तर तेही कंपनीला लेखी कळवावं. बंद घराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय, ते घेण्याआधीच विचारून घ्यावं.

सरकारी मदत मिळतेच, मग विमा कशाला?

आपत्तीनंतर महसूल विभागाचा पंचनामा होतो आणि मदत मिळते. पण तिचे आकडे पाहावेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये आहेत. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. एका दगडी भिंतीचा मलबा उचलायलाही चार हजार पुरत नाहीत. ही मदत तातडीच्या आधारासाठी असते.

शिवाय पंचनामा आणि विम्याचं सर्वेक्षण या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं होत नाही.

नुकसान झालंच तर काय करायचं?

आधी माणसं बाहेर काढायची. मग कंपनीला फोन, ॲप किंवा ईमेलवर लगेच कळवायचं आणि दावा क्रमांक लिहून घ्यायचा. सर्वेक्षक येईपर्यंत, जीवाला धोका नसेल तर, मलबा हलवायचा नाही. हलवावाच लागला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढायचे. लाकूड विकायचं नाही. पडलेले खांब आणि तुळया हा पुरावाही आहे आणि पुन्हा वापरता येणारा मालही.

दावा नाकारला किंवा रक्कम कमी वाटली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. धाराशिव जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

विम्याआधी भिंत

विमा पैसे देतो, भिंत धरून ठेवत नाही. १९९३ नंतर या भागात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्यात वापरलेले उपाय आजही लागू पडतात. छतावरची जादा माती उतरवून वजन कमी करणं, भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही पदर जोडणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे खुंट घालणं, भिंतीच्या वरच्या बाजूला सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा देणं, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके आधार मारणं. जुन्या घरांच्या अशा दुरुस्तीसाठी भारतीय मानक १३९३५ उपलब्ध आहे. अभियंत्याशी बोलताना हा क्रमांक सांगावा.

माळवदाच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाने या पावसाळ्याआधी करायची कामं क्रमाने अशी आहेत. अभियंत्याला बोलावून भिंती आणि सांगाडा दाखवायचा. त्याच भेटीत 'तसंच घर' आणि 'साधं घर' असे दोन अंदाज लिहून घ्यायचे. घराच्या नोंदी पाहायच्या. मग दोन-तीन कंपन्यांकडे तेच अंदाजपत्रक, तेच फोटो आणि तेच पत्र देऊन दर मागवायचा. पॉलिसी हातात आली की तीन ओळी तपासायच्या: बांधकामाचा प्रकार काय लिहिलाय, चटई क्षेत्र किती धरलंय आणि दर कोणता लावलाय. चूक असेल तर ती तेव्हाच लेखी दुरुस्त करून घ्यायची. भिंत पडल्यावर ती दुरुस्ती करता येत नाही.